न कोरलेली रेघ

सुसाकिरा गावात थडग्यांचे दगड घडवणारा पाथरवट एकच, आर्सेनिओ कुस्पोका. लेओनिल्दे गेली तेव्हा तिच्या आईला, कुस्तोदिया पिरासानला, त्याच्याच दारात जावं लागलं. दुसरा पाथरवट सोगामोसो शहरात होता, पण तिथून दगड आणायचा म्हणजे ज्या घाटात लेओनिल्देची बस कोसळली त्याच घाटातून आणायचा. ते कुस्तोदियाला नको होतं.

आर्सेनिओच्या दारात जाणं सोपं नव्हतं. दोनेक वर्षांपूर्वी त्यानं लेओनिल्देला मागणी घातली होती, तीही बाजाराच्या दिवशी, भर चौकात. डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर पांढरी लोकरी घोंगडी. चार लोकांदेखत विचारलं की पोरीला नाही म्हणता येणार नाही, असा त्याचा हिशेब असावा. पोर हसली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला आधी हसू यायचं आणि मग विचार सुचायचा, ती होतीच तशी. "अहो आर्सेनिओ, मी अजून जिवंत आहे, मला कशाला तुमचा दगड?" असं काहीतरी ती बोलून गेली. आसपासच्या बटाटेवाल्या हसल्या, खेचरांपाशी उभे असलेले पुरुष हसले. आर्सेनिओ टोपी हातात घेऊन घरी गेला. पुढे कितीतरी दिवस तो दुकानात शिरला की कोणीतरी ते वाक्य म्हणायचं आणि बाकीचे माना वळवून खिंकाळायचे.

लेओनिल्दे मग सोगामोसोला गेली आणि पोलाद कारखान्याच्या खानावळीत कामाला लागली. सणासुदीला घरी यायची. ईस्टरच्या आठवड्यात अशीच येत असताना बस दरीत गेली. प्रेतं वर काढली तेव्हा ती कारखान्यातल्या एका फिटरशेजारी सापडली, एकाच बाकावर. फिटर लग्न झालेला होता, दोन मुलांचा बाप. गावाला तेवढं पुरलं. बस गच्च भरलेली होती, पोरीनं बसायचं तरी कुठं, असं कुस्तोदिया ज्याला त्याला सांगायची. लोक मान हलवायचे आणि पाठ वळली की एकमेकांकडे बघायचे.

कुस्तोदियाचा नवरा लेओनिल्दे पाळण्यात असतानाच कोळशाच्या खाणीत दगावला होता. घरामागच्या मातीच्या भट्टीत ती मक्याच्या पिठाचे, चीज घातलेले पाव भाजायची आणि चौकात टोपली घेऊन बसायची. त्याच पावांवर तिनं पोर वाढवली. शाळेत ती स्वतः कधी गेली नव्हती. पोरीनं एकदा तिला नाव लिहायला शिकवायचा प्रयत्न केला, तेव्हा दोघी इतक्या हसल्या की पाव करपले.

ती आर्सेनिओच्या अंगणात शिरली तेव्हा तो उठून उभा राहिला, टोपी काढली. तिनं पैशांचा विषय काढला तर त्यानं हात जोडले आणि बाईला मानानं लावतात ते 'दोन्या' लावून म्हणाला,

"दोन्या कुस्तोदिया, तिच्यासाठी माझ्या हातून एवढं होऊ द्या. तुम्ही फक्त शब्द सांगा."

शब्द सांगणं तिला कुठं जमत होतं. माझं होतं ते गेलं, आणि मी रडते आहे, एवढंच लिहा म्हणाली. आर्सेनिओनं जरा विचार केला आणि अगदी पाद्र्यासारखं सावकाश म्हणून दाखवलं, "आकी योरा कुस्तोदिया सु पेऽर्दिदा." इथं कुस्तोदिया रडते, आपली हानी. ते तिला इतकं आवडलं की तिनं पुन्हा म्हणायला लावलं. मग त्याच्या दगडाची पूड लागलेल्या सदऱ्यावर डोकं टेकून ती रडली. घरी येऊन तिनं रोसाल्बिनाला सांगितलं, "आपण त्या माणसाला ओळखलंच नाही."

रोसाल्बिना ही लेओनिल्देची धर्माची आई. बाप्तिस्म्याला पोरीला तिनंच हातावर धरलं होतं. दोघींची घरं भिंतीला भिंत, एकीच्या भट्टीचा धूर दुसरीच्या खिडकीत. रोसाल्बिना काही वर्षं शाळेत गेली होती, त्यामुळे दगड बसला त्या दिवशी कुस्तोदियानं तिलाच पुढे केलं, वाच म्हणाली.

रोसाल्बिनानं वाचलं. तिचे ओठ हलले आणि थांबले. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"छान आहे," ती म्हणाली.

आता त्या दगडावर काय होतं, ते सांगितलं पाहिजे. त्यांच्या भाषेत पेर्दिदा हा शब्द दोन तऱ्हांनी म्हणतात. आघात पहिल्या अक्षरावर दिला, पेऽर्दिदा, तर त्याचा अर्थ हानी, गमावणं. आघात मधे सरकला, पेर्दीदा, तर अर्थ वाया गेलेली, चळलेली बाई. लिहिताना दोन्ही शब्दांची अक्षरं तीच, क्रमही तोच. फक्त हानी लिहायची असेल तर पहिल्या स्वराच्या डोक्यावर एक बारीक तिरकी रेघ द्यावी लागते. आर्सेनिओनं ती दिली नव्हती. त्यामुळे करड्या दगडावर, बोटभर खोल, सुरेख मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, की इथं कुस्तोदिया रडते, आपली रांड.

लोक बघायला येऊ लागले. ज्यांचं त्या दफनभूमीत कोणी नव्हतं तेही रविवारी प्रार्थना झाल्यावर तिकडे वळायचे. थडग्यापाशी उभे राहायचे, एकमेकांना कोपर मारायचे आणि टोपीआड तोंड लपवायचे. लपवलेल्या तोंडांना कुस्तोदिया रडणं समजली. पोरीवर गावाचा इतका जीव होता हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं तिला वाटलं. ती त्यांना टोपलीतला पाव द्यायची, पैसे घ्यायची नाही. बाहेरगावचं कोणी बाजाराला आलं की स्वतः सोबत जाऊन दगड दाखवायची.

तिला वाचता येत नसलं तरी दगड तिनं बोटांनी पाठ केला. फडक्यानं पुसता पुसता ती एकेक खाच चाचपायची. पहिल्या शब्दाच्या शेवटी, वरच्या अंगाला, एक आखूड तिरकी खाच होती. ती तिला सगळ्यांत आवडायची. वाफ निघावी म्हणून पावाला सुरीची चीर द्यावी, तशी दिसायची ती.

आणि दर शनिवारी भट्टीतून निघालेल्या पहिल्या घाण्यातले पाव ती आर्सेनिओकडे पोचते करायची. तो हात धुऊन, अंगणातल्या अर्धवट घडलेल्या दगडावर बसून, गुळाच्या पाण्यासोबत ते तिच्यादेखत खायचा. चव कशी आहे विचारलं तर, मीठ जरा कमी आहे किंवा आज बरोबर आहे, असं खरं ते सांगायचा.

असं चाललं नोव्हेंबरपर्यंत. मृतांच्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत होतं. फुलं, मेणबत्त्या, निलगिरीच्या फांद्या. सोगामोसोच्या बसमधून काळ्या कपड्यांतली एक बाई उतरली, विचारत विचारत लेओनिल्देच्या थडग्यापाशी आली. कुस्तोदियाला वाटलं, कारखान्यातली मैत्रीण असेल. तिनं सरकून जागा दिली, पाव पुढे केला. बाईनं पाव घेतला नाही. तिनं दगड वाचला, बराच वेळ वाचला, आणि तिचा ताठलेला चेहरा सैल पडला.

"मी त्या फिटरची बायको," ती म्हणाली. "तुमच्या मुलीच्या थडग्यावर थुंकायला आले होते. पण तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय. आई असून लिहिलंत. मला आता काही म्हणायचं नाही."

कुस्तोदियाला कळेना. काय लिहून ठेवलंय, तिनं विचारलं. बाईनं शेवटचा शब्द वाचून दाखवला, दगडावर जसा होता तसा. पेर्दीदा.

"पेऽर्दिदा," कुस्तोदियानं दुरुस्त केलं. "हानी. माझी हानी झाली ना."

"मग त्यावर रेघ कुठाय?" बाई म्हणाली. तिनं कुस्तोदियाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. पण ती थुंकायला म्हणून घाट चढून आलेली होती. तिनं काही सावरलं नाही. हातमोजे चढवले आणि फाटकाकडे निघून गेली.

कुस्तोदिया वळली. मागे रोसाल्बिना उभी होती, हातात न पेटवलेली मेणबत्ती.

"तुला ठाऊक होतं?"

रोसाल्बिनानं हो म्हटलं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू इतकी समाधानात होतीस, कुठल्या तोंडानं सांगायचं, असं काहीबाही ती बोलत राहिली. कुस्तोदियानं पुरतं ऐकलं नाही. आजूबाजूच्या थडग्यांवरची माणसं फुलं मांडायची थांबून इकडे बघत होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांची तोंडं तिला नीट दिसली.

ती आधी देवळात गेली. फादर बालागेरा कपडे बदलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नवीन काही ऐकल्याचं दाखवलं नाही.

"देव अक्षरांवरच्या रेघा मोजत नाही, बाई. देव मन वाचतो."

"पण फादर, गाव दगड वाचतंय."

फादर म्हणाले, मेलेल्यांच्या दगडावरून जिवंतांनी भांडू नये. आर्सेनिओ त्या वर्षी वेदीच्या नव्या पायऱ्या फुकट घडवून देत होता, पायऱ्या अर्ध्या झाल्या होत्या. कुस्तोदिया निघाली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिनं बाजूला केला.

आर्सेनिओ सणाच्या दुपारी पुरुष जिथं असतात तिथंच होता, खानावळीमागच्या तेहोच्या मैदानात. मातीत बारुदीच्या पुड्या पेरायच्या आणि लांबून लोखंडी चकती फेकून त्या उडवायच्या, हा तो खेळ. बिअरच्या पेट्या रचल्या होत्या, धूर पसरला होता. बाई कधी आत येत नसे. कुस्तोदिया सरळ पट्टीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, त्यामुळे खेळ थांबवावा लागला.

तिनं विचारलं, दगडावर रेघ का नाही.

"मोठ्या अक्षरांवर रेघ देत नाहीत, दोन्या कुस्तोदिया," आर्सेनिओ नम्रपणे म्हणाला. "आमच्या धंद्याचा रिवाज आहे. कोणालाही विचारा."

दोघातिघांनी खाली बघून माना डोलावल्या. कोणाच्या तरी नाकातून हसू निसटलं.

"मग पहिल्या शब्दावर आहे ती कसली?" तिनं विचारलं. "शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर. तिरकी."

आर्सेनिओनं हातातली चकती खाली ठेवली आणि तळहाताची माती झटकली. आता त्याच्या आवाजातला नम्रपणा गेला होता, पण तो चिडलेलाही नव्हता.

"बोटांनी वाचलंत वाटतं," तो म्हणाला. "बरं. तुमची पोर भर चौकात मला हसली तेव्हा मी काय केलं? काही नाही. मान खाली घालून घरी गेलो. हेच सगळे मला बघून खिंकाळत होते, हा, हा आणि तो तिकडचा. मी कोणाला शिवी दिली नाही. तिच्याबद्दलही वाईट असं एक अक्षर कोरलं नाही. एक रेघ फक्त ओढली नाही. जे कोरलंच नाही, त्याचा जाब कसा विचारता?"



"मी दर शनिवारी पाव आणत होते," ती म्हणाली.

"पाव चांगले होते."

ह्यावर मात्र सगळे हसले. बऱ्याच दिवसांचं दाबलेलं हसू होतं, लवकर थांबेना. ते ओसरल्यावर कुस्तोदिया म्हणाली की आता ती रेघ ओढ. तो म्हणाला, आज सण आहे, सणाला मी हत्यार धरत नाही. तिनं हात पुढे केला, मग मला दे. त्याला त्यात गंमत वाटली. खानावळीच्या पलीकडेच त्याचं अंगण होतं. त्यानं कामावरच्या माणसाला पाठवून छिन्नी-हातोडा मागवला. तो माणूस म्हणजे रोसाल्बिनाचा थोरला मुलगा विल्फ्रिदो. त्यानं आणून दिला आणि पटकन मागे सरला.

ती दफनभूमीकडे निघाली आणि पुरुष बाटल्या घेऊन तिच्या मागे निघाले.

दगडासमोर गुडघे टेकल्यावर तिला उमगलं, की रेघ कुठं हवी ते आपल्याला माहीत नाही. तिनं शेवटचा शब्द बोटांनी चाचपला. सात अक्षरं, सगळीच बोडकी. तिनं मागे बघून विचारलं, कुठल्यावर?

"पहिल्यावर," कोणीतरी म्हणालं. "छे, शेवटच्यावर, शेवटच्यावर." "मधल्या पोटवाल्या अक्षरावर मारा, बाई." मघाशी मैदानात बारुदीच्या पुडीवर नेम सांगत होते त्याच आवाजात ते सांगू लागले, प्रत्येक जण वेगळं, आणि कोणीतरी बिअरची पैज लावली. फुलं घेऊन आलेल्या बायका लांब उभ्या होत्या. त्यांच्यात रोसाल्बिना होती.

"तू सांग," कुस्तोदिया तिला म्हणाली. "बोलू नकोस हवं तर. नुसतं बोट ठेव."

रोसाल्बिना दोन पावलं पुढे आली. मग तिला पुरुषांच्या घोळक्यात आर्सेनिओ दिसला आणि त्याच्या खांद्याशी उभा असलेला विल्फ्रिदो. विल्फ्रिदोची बायको पोटुशी होती आणि गावात दुसरं काम नव्हतं. आर्सेनिओनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रोसाल्बिनानं शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि जमिनीकडे बघत राहिली.

कुस्तोदियानं थोडा वेळ वाट पाहिली. मग छिन्नी शेवटच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ठेवली आणि हातोडा मारला. रेघ ओढायला नाही. अक्षरच उडवायला.

दगड कठीण होता आणि तिला काम येत नव्हतं. पहिल्या अक्षराला इतका वेळ लागला की हसणारे गप्प झाले आणि गप्प झालेले कंटाळले. एकेक करून ते मैदानाकडे परतले, तिकडे डाव अर्धा राहिला होता. लांबून बारुदीचे आवाज येऊ लागले. तिच्या अंगठ्याचं नख फुटलं होतं. रक्त खाचांतून खाली उतरत होतं.

आर्सेनिओ एकटा थांबला, छातीशी हात बांधून.

"छिन्नी तिरपी धरा," एकदा तो म्हणाला. "सरळ मारलीत तर सगळा दगड फुटेल."

तिनं तिरपी धरली. शेवटचं अक्षर उडालं तेव्हा तिथं ओबडधोबड पांढरा खड्डा उरला होता, गाढवानं चावा घ्यावा तसा. त्यानं हात पुढे केला. तिनं हत्यारं त्याच्या हातात दिली. त्यानं छिन्नीच्या धारेवरून बोट फिरवलं, बोथट झाली म्हणाला आणि गेला.

आता दगडावर राहिलं एवढंच, की इथं कुस्तोदिया रडते, आपली. पुढे खड्डा. तिला वाटलं होतं शब्द गेला की बोलणं जाईल. झालं उलटं. आधी गावाजवळ एकच शब्द होता. आता प्रत्येकाला आपापला शब्द घालायची मुभा मिळाली. थडग्यापाशी थांबून लोक तेवढं वाचायचे आणि रिकामी जागा भरायचे, तिची मेंढी, तिची खानावळवाली, आणखीही काय काय. कोणीतरी कोळशानं लिहूनही ठेवायचं. कुस्तोदियाला काय लिहिलंय ते वाचता यायचं नाही. ती बादली आणि काथ्याचा ब्रश घेऊन जायची आणि जे असेल ते घासून काढायची. पुढे पुढे लोकांना दुसरे विषय मिळाले तेव्हाच ते थांबलं.

आर्सेनिओचं काही वाकडं झालं नाही. पुढच्या वर्षी त्यानं शेजारच्या गावातली एक चांगली मुलगी केली. वेदीच्या पायऱ्या पूर्ण झाल्या, बिशप येऊन आशीर्वाद देऊन गेले. त्याच्या अक्षरांची ख्याती झाली, सोगामोसोचे लोकसुद्धा त्याच्याकडून दगड नेऊ लागले.

कुस्तोदिया पाव भाजत राहिली, पण शेजारच्या भिंतीशी तिनं संबंध तोडला. धुराडं दुसऱ्या बाजूला वळवून घेतलं. रोसाल्बिना कुंपणाशी येऊन उभी राहायची, काही बोलू बघायची. ही पीठ मळत राहायची.

मग रोसाल्बिनाच्या फुप्फुसांनी दगा दिला. डोंगरावरची थंडी, आयुष्यभर चुलीचा धूर. ती अंथरुणाला खिळली आणि तिनं विल्फ्रिदोला धाडलं. आई एकदा या म्हणते, तिला माफी मागायची आहे, त्यानं दारातूनच सांगितलं. त्याच्या कपड्यांवर आर्सेनिओच्या अंगणातली दगडाची पूड होती.

कुस्तोदियानं मळणं थांबवलं नाही.

"तिला सांग, मला वाचता येत नाही आणि तिला बोलता येत नाही. आम्ही दोघी भेटून काय करणार?"

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, रडत आला. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येत होता, त्यामुळे किती वेळ उरलाय ते कुस्तोदियाला त्यानं सांगायची गरज नव्हती. शेवटी फादर बालागेरा स्वतः आले आणि क्षमेबद्दल बोलले. तिनं त्यांना बसायला खुर्ची दिली, गुळाचं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर कप धुऊन ठेवला. एकदा तिनं हात पुसले होते, शाल घेतली होती, दारापर्यंत गेली होती. तिथं ती बराच वेळ उभी राहिली. मग भट्टीत पाव आहेत असं स्वतःशीच म्हणून परत फिरली. भट्टी त्या वेळी थंड होती.

खोकला सकाळी थांबला.

अंत्ययात्रा चौकातूनच गेली. कुस्तोदिया नेहमीच्या जागी टोपली घेऊन बसली होती. ती उठली नाही, पण पेटी समोरून गेली तेव्हा तिनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं. विल्फ्रिदोनं एकदा तिच्याकडे बघितलं. दफन उरकून माणसं परतली तेव्हा पाऊस भुरभुरत होता, सगळे गारठलेले आणि भुकेले होते, आणि चौकात गरम असं तिच्याजवळच काय ते होतं. ते तिच्याभोवती जमले. तिनं प्रत्येकाला पाव मोजून दिले, सुटे पैसे परत केले. दुपारच्या आत टोपली रिकामी झाली आणि ती घरी गेली.